धूर खाणारे जिवाणू आणि ऊर्जेचा हिशेब

१९९४ साली बेल्जियममधल्या तीन संशोधकांनी सशाच्या लेंड्यांमधून वेगळा काढलेला एक जिवाणू जगापुढे ठेवला. नाव लांबलचक, क्लॉस्ट्रिडियम ऑटोइथॅनोजेनम. याला ऑक्सिजन चालत नाही, ऊन लागत नाही, साखरही लागत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड हे त्याचं अन्न. ते खाऊन तो बाहेर टाकतो इथेनॉल, आपल्याकडे पेट्रोलमध्ये मिसळतात तेच.

मे २०१८ मध्ये चीनच्या हेबेई प्रांतात शौगांगच्या पोलाद कारखान्याला लागून एक प्रकल्प सुरू झाला. भट्टीतून निघणारा वायू उंच टाक्यांमध्ये सोडायचा, टाक्यांतल्या पाण्यात याच जिवाणूचं निवडून वाढवलेलं वाण, आणि दुसऱ्या टोकाला वर्षाला ४६,००० टन इथेनॉल काढण्याची क्षमता. तंत्रज्ञान लान्झाटेक या कंपनीचं. ती २००५ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये शॉन सिम्पसन आणि रिचर्ड फोर्स्टर या दोघांनी काढली आणि पुढे अमेरिकेत गेली. त्यानंतर बेल्जियममधल्या गेंट शहरात आर्सेलरमित्तलच्या कारखान्यात वर्षाला ८ कोटी लिटरचा प्रकल्प उभा राहिला. आपल्याकडे इंडियन ऑइलने पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दिवसाला १२८ किलोलिटर, म्हणजे १ लाख २८ हजार लिटरचा प्रकल्प याच तंत्रावर उभारला. तिथे पोलादाची भट्टी नाही. हायड्रोजन बनवताना उरणारा वायू हाच जिवाणूंचा खुराक.

अशा प्रकल्पांच्या बातम्या ‘प्रदूषण खाणारे जिवाणू’ या मथळ्याखाली येतात. वाचणाऱ्याला वाटतं, आता धुराड्याला टाकी जोडली की झालं. मला यात खटकतं ते एवढंच, की या बातम्यांमध्ये ऊर्जेचा उल्लेख नसतो. कार्बन पुन्हा पुन्हा वापरता येतो, ऊर्जा नाही. ती दर फेरीला नव्याने आणावी लागते. कुठला जिवाणू कामाचा आणि कुठला फक्त प्रयोगशाळेत शोभणारा, हे ओळखायला ही एक गोष्ट पुरते.

जळून गेलेला आणि अर्धवट जळालेला

चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, पण अर्धवट जळालेलं लाकूड पेटतं. कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख समजा. त्यातली ऊर्जा निघून गेलेली असते. कार्बन मोनॉक्साइड हे अर्धवट जळालेलं लाकूड. कोळशातला कार्बन पूर्ण जळला तर जेवढी उष्णता मिळते, तिच्यातली सत्तर टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता कार्बन मोनॉक्साइडमध्ये अजून शिल्लक असते. सशाच्या पोटातून आलेल्या त्या जिवाणूचं पोट या शिलकीवर भरतं.

पोलाद कारखान्यात हा वायू येतो कुठून? लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. झोतभट्टीत कोक, म्हणजे भाजून काढलेला दगडी कोळसा, टाकतात तो नुसता उष्णतेसाठी नाही. खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला कार्बन लागतो. त्या ओढाताणीत काही कार्बन पूर्ण जळतो आणि काही अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड म्हणून भट्टीच्या तोंडातून निघतो. झोतभट्टीच्या वायूत याचं प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असतं. पुढच्या टप्प्यात, लोखंडाचं पोलाद करताना जो वायू निघतो, त्यात ते निम्म्याहून जास्त भरतं. एक टन पोलाद या मार्गाने करायचं म्हणजे २ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड शेवटी हवेत जातो. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद बनतं तेही मुख्यतः झोतभट्टीतूनच.

कारखानदार हा वायू फुकट घालवत नाहीत. बहुतेक ठिकाणी तो जाळून वीज करतात, नाहीतर भट्टीची हवा तापवतात. उरला तर मशालीसारखा उंच नळीवर जाळून टाकतात. म्हणजे जिवाणूंना दिलेला वायू हा कुणाच्या तरी तोंडचा घास आहे. तो काढून घेतला तर कारखान्याला तेवढी वीज बाहेरून घ्यावी लागणार, आणि ती कोळशावरची असेल तर एका हाताने वाचवलेला कार्बन दुसऱ्या हाताने सोडला. जिथे वायू नुसता मशालीवर जळत होता किंवा जिथे ग्रिडवरची वीज स्वच्छ आहे, तिथे फायदा खणखणीत. बाकी ठिकाणी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

जिवाणू आत काय करतो

या जिवाणूंच्या पोटातल्या रासायनिक वाटेला हार्लंड वूड आणि लार्स ल्युंगडाल या दोन शास्त्रज्ञांचं नाव आहे, वूड-ल्युंगडाल मार्ग. झाडं कार्बन बांधतात त्यापेक्षा ही रीत अगदी वेगळी आणि आखूड. दोन फांद्या असतात. एका फांदीवर कार्बन डायऑक्साइडवर टप्प्याटप्प्याने हायड्रोजन चढवत त्याचा मिथाइल गट, म्हणजे एका कार्बनला तीन हायड्रोजन जोडलेला तुकडा, केला जातो. दुसऱ्या फांदीवरून कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा येतो. निकेल, लोह आणि गंधक पोटात असलेलं एक विकर (एन्झाइम) दोघांना जोडतं आणि दोन कार्बनचा तुकडा तयार होतो. त्यातून पुढे ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि आणखी पुढे इथेनॉल. हवेत ऑक्सिजन नव्हता त्या काळात पृथ्वीवर अवतरलेली ही कार्बन बांधण्याची सर्वांत जुनी रीत असावी, असं अनेक संशोधक मानतात. हायड्रोजन आणि कार्बनचे वायू ओकणाऱ्या ज्वालामुखीच्या शेजाराला ही वाट शोभून दिसते; पोलादाची भट्टी त्याहून फार वेगळी नाही.

आकड्यांत मांडायचं तर कार्बन मोनॉक्साइडचे ६ रेणू आणि पाण्याचे ३ रेणू मिळून इथेनॉलचा १ रेणू होतो, आणि कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू बाहेर पडतात. इथेनॉलच्या एका रेणूत कार्बनचे २ अणू. म्हणजे आत गेलेल्या ६ अणूंपैकी २ कामी आले, ४ धुराड्यातून गेलेच. ‘प्रदूषण खाणारे जिवाणू’ दोन तृतीयांश प्रदूषण पुन्हा बाहेर टाकतात, हे मथळ्यात येत नाही.

पण याच समीकरणाची दुसरी बाजू पाहा. ६ रेणूंतली जी ऊर्जा होती तिच्यातली जवळपास ८० टक्के त्या एका इथेनॉलच्या रेणूत येते. हाच वायू जाळून वीज केली असती तर चांगल्या संयंत्रातही ४० टक्क्यांच्या आसपास हाती लागली असती. अर्थात ८० हा कागदावरचा आकडा आहे. पंप, थंड करणं आणि पाण्यातून इथेनॉल वेगळं काढणं यांत पुढे बराच जातो. तरी साठवता येणारं, टँकरमध्ये भरता येणारं इंधन हातात राहतं. वायूत हायड्रोजनही असेल तर गोष्ट आणखी सुधारते. कार्बन मोनॉक्साइडचे २ आणि हायड्रोजनचे ४ रेणू घेतले तर इथेनॉलचा १ रेणू आणि थोडं पाणी, कार्बनचा एक अणूही वाया नाही. कोक बनवायच्या भट्टीतल्या वायूत निम्म्याहून जास्त हायड्रोजन असतो, म्हणून दोन्ही वायू मिसळण्याचा विचार करतात.

या जिवाणूंचं जगणं जेमतेम असतं. एवढा खटाटोप करून त्यांच्या स्वतःच्या वाट्याला ऊर्जा इतकी थोडी येते की अंग वाढवायला त्यांना भरमसाट वायू पचवावा लागतो. कारखानदाराच्या दृष्टीने हे उत्तमच: खाल्लेल्यातलं बरंचसं अंगी न लागता मालात जातं. मेलेल्या जिवाणूंचा लगदा उरतो, त्यात प्रथिनं भरपूर. चीनच्या कृषी मंत्रालयाने २०२१ मध्ये या प्रथिनाला पशुखाद्य आणि मत्स्यखाद्याचा घटक म्हणून मान्यता दिली.

अडचण येते ती विरघळण्यात. एक लिटर पाण्यात साखर दोन किलोपर्यंत विरघळते. कार्बन मोनॉक्साइड विरघळतो जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. समोर वायूचा डोंगर आणि जिवाणू उपाशी, अशी अवस्था. म्हणून टाक्या उंच ठेवायच्या, बुडबुडे अगदी बारीक करायचे, द्रव सतत वरखाली फिरवत राहायचा. या धंद्यातली निम्मी अक्कल बुडबुड्यांत आहे असं म्हटलं तरी चालेल. एक सोय मात्र आयती मिळते. डिस्टिलरीत काम केलेल्याला विचारा, यीस्टच्या टाकीत दुसरे जिवाणू घुसले की सगळा माल आंबट होतो. इथे टाकीभर विषारी वायूच असल्याने आगंतुकांचा त्रास कमी.

हे पूर्वीही होऊन गेलंय, नाशिकलाही

जिवाणूंवर रसायन उद्योग उभा करण्याची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळ्यांच्या दारूसाठी ॲसिटोन हवं होतं. ते तोवर लाकूड तापवून काढत. मँचेस्टरमध्ये काम करणाऱ्या खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने मक्याच्या पिठावर वाढून ॲसिटोन आणि ब्युटेनॉल बनवणारा जिवाणू शोधला. हाही क्लॉस्ट्रिडियमच्याच कुळातला. वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. युद्धकाळात धान्य कमी पडायला लागलं तेव्हा ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांना रानातल्या हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करायला लावलं. ब्रिटिशांनी हिंदुस्थानातही ॲसिटोनचा कारखाना उभारला, तो नाशिकला.

युद्धानंतरही हा धंदा चालला, कारण मोटारींच्या रंगाला ब्युटेनॉल लागत होतं. मग १९५० आणि १९६० च्या दशकांत खनिज तेलातून हीच रसायनं स्वस्तात मिळू लागली आणि मका-मळी महाग वाटू लागली. टाक्या एकेक करून बंद पडल्या. जिवाणूंमध्ये काही खोट नव्हती. तेलाच्या पिंपात लाखो वर्षांचं साठवलेलं ऊन आयतं मिळत होतं, त्याच्याशी यंदाच्या पिकाने स्पर्धा कशी करायची?

आज तेच ॲसिटोन पुन्हा चर्चेत आहे, पण मक्याऐवजी वायूपासून. २०२२ मध्ये लान्झाटेक आणि अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी जनुकांची अदलाबदल करून सशाच्या त्या जिवाणूला इथेनॉलऐवजी ॲसिटोन आणि आयसोप्रोपेनॉल बनवायला लावलं, तेही १२० लिटरच्या टाकीत. बनलेल्या प्रत्येक किलोमागे हवेत जाणारा कार्बन वाढण्याऐवजी घटतो, असा त्यांचा हिशेब. आयसोप्रोपेनॉल म्हणजे कोविडच्या काळात आपण हाताला चोळत होतो त्या सॅनिटायझरमधला एक नेहमीचा घटक.

साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पोलादापेक्षा उसातून जास्त आहे. डिस्टिलरीच्या टाकीत यीस्ट साखरेचं इथेनॉल करतं तेव्हा साखरेतल्या कार्बनच्या ६ अणूंपैकी ४ इथेनॉलमध्ये जातात आणि २ कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ७५० ग्रॅम. दिवसाला ६० किलोलिटरची मध्यम डिस्टिलरी धरली तर रोज ४५ टन. हा वायू धुराड्यातल्यासारखा घाणेरडा नसतो, जवळपास शुद्ध असतो, आणि तो कोळशातला नाही. उसाने गेल्या वर्षभरात हवेतून घेतलेला आहे. काही डिस्टिलऱ्या तो पकडून सोडावॉटरवाल्यांना आणि ड्राय आइसवाल्यांना विकतात. बाकीच्यांकडे तो छपरातून जातो.

मग हाच ४५ टन जिवाणूंना का देऊ नये? द्यायला हरकत नाही, पण ही राख आहे. तिच्यात ऊर्जा नाही, ती हायड्रोजनच्या रूपात बाहेरून घालावी लागेल. कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू आणि हायड्रोजनचे ६ यांचा इथेनॉलचा १ रेणू होतो. यावरून ४५ टनांसाठी रोज सहा टनांच्या वर हायड्रोजन लागतो. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे दिवसाला तीन लाख युनिटांहून जास्त, साधारण १३ मेगावॅट अखंड. बदल्यात रोज आणखी ३० हजार लिटर इथेनॉल, त्याच उसातून दीडपट. हे सगळं कागदावरचं, गळती-नासाडी न धरता.

प्रत्येक लिटरमागे १० ते ११ युनिट वीज घातली आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये ऊर्जा किती, तर सहा युनिटांच्या आत. त्या १० युनिटांवर विजेची मोटार साठ-सत्तर किलोमीटर जाते. एक लिटर इथेनॉलवर साधी गाडी जाईल दहा-बारा. म्हणून गाडीत घालायला असं इथेनॉल बनवणं मला वेडेपणाच वाटतो, कितीही हिरवं लेबल लावलं तरी. विमानाची गोष्ट वेगळी. मुंबईहून लंडनला बॅटरीवर उडता येत नाही आणि पुढच्या बऱ्याच वर्षांत येणार नाही. इथेनॉलपासून विमानाचं इंधन करता येतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं विमान ऑरलँडोहून लंडनला गेलं ते लान्झाटेकच्या इथेनॉलपासून केलेलं इंधन थोडं मिसळून. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने दिलेलं देशी जैवइंधन मिसळून १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. मिश्रण एक टक्क्यापर्यंतचंच होतं, पण विमान व्यवसायात सुरुवात अशीच होते.

जमीन आणि पाणी हे दुसरे दोन रकाने. इथे मात्र जिवाणूंची बाजू भक्कम आहे. उसासारखं जोमदार पीकही उन्हातली टक्का-दोन टक्केच ऊर्जा साठवतं. साधं सौर पॅनेल वीसेक टक्के ऊर्जेची वीज करतं. वर म्हटलेल्या १३ मेगावॅटसाठी ६५-७० मेगावॅटचे पॅनेल, म्हणजे पावणेतीनशे एकर लागतील. तेवढंच इथेनॉल उसाच्या रसातून काढायचं तर साधारण चार हजार एकर ऊस. पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लागतं, असा आकडा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. हायड्रोजनच्या वाटेने विघटनासाठी लिटरमागे जेमतेम दोन लिटर पाणी लागेल, थंड करायला लागणारं वेगळं. ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि उसाचं क्षेत्र तरी हटत नाही, तिथे हा फरक कुणीतरी मांडायला हवा. फक्त सूर्य रात्री मावळतो आणि इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचं विघटन करणारं यंत्र, महाग आहे, म्हणून तो बारा-पंधरा तास रिकामा ठेवणं परवडत नाही. सगळं घोडं सध्या तिथे अडलंय.

साखर कारखान्यात याहून सोपी कामंही जिवाणू करतात, त्यांना बाहेरून ऊर्जा लागत नाही. एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो, तांबडाकाळा आणि वासाचा. त्याच्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवून मिथेन काढणारे डायजेस्टर आता सर्रास आहेत. प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, यापासूनचा बायोगॅस शुद्ध करून सीएनजीसारखा विकायचा, याला केंद्राच्या ऑक्टोबर २०१८ च्या योजनेपासून वेग आला. यात ऊर्जा आधीच पदार्थात असते, जिवाणू फक्त ती हाती लागेल अशा रूपात आणतात. गोबरगॅसचं तत्त्व हेच. ते आपल्याला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असा वायू गोळा करून वापरला जात होता.

मिथेन खाणारे

काही जिवाणू मिथेन बनवतात, काही तो खातात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, आणि पाणी भरलेल्या भातखाचरातून तो सतत निघत असतो. खाचरात चिखलाच्या वरच्या थरात मिथेन खाणारे जिवाणू बसलेले असतात आणि वर येणाऱ्या वायूतला बराचसा मटकावतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने आपल्याकडच्या भातशेतीतून असे जिवाणू शोधून काढले. त्यातल्या एकाचं नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी, काकडीसारखा दिसतो म्हणून.

रसायनशास्त्रज्ञांना या जिवाणूंचा हेवा वाटतो. मिथेनचा रेणू हट्टी. त्याचं मिथेनॉल करायचं तर कारखान्यात शेकडो अंश तापमान आणि मोठा दाब लागतो. हे बेटे चिखलात, साध्या हवामानात ते करतात. बंगळूरुची स्ट्रिंग बायो ही कंपनी मिथेनवर जिवाणू वाढवून त्यांची प्रथिनं विकते. फिनलंडमधली सोलार फूड्स हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर वाढणाऱ्या जिवाणूंचं पिवळसर पीठ करते, माणसांनी खाण्यासाठी. सिंगापूरने त्याला २०२२ मध्ये परवानगी दिली. सोलार फूड्सचं गणित पुन्हा विजेवर येतं, पण इंधनापेक्षा प्रथिनांना किलोमागे भाव जास्त मिळतो. महाग वीज महाग मालातच परवडते.

पैसे, आणि पोलादाचा पुढचा मार्ग

एक प्रश्न बरेच जण विचारतात: शेवटी ते इथेनॉल जळतंच ना? जळतं. कोळशातला कार्बन पोलाद बनवून एकदा आणि विमान उडवून दुसऱ्यांदा वापरला जातो, आणि मग हवेत जातो. दुसऱ्या वापरामुळे तेवढं खनिज तेल जमिनीतून काढावं लागत नाही, बचत तेवढीच. यापेक्षा जास्त दावा कुणी केला तर त्याला हिशेब मागावा. कार्बन कपड्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये गेला तर काही वर्षं अडकून राहतो. झारा कंपनीने २०२१ मध्ये अशा इथेनॉलपासून केलेल्या पॉलिएस्टरचे कपडे विकायला काढले होते. पार्टीत दोनदा घालून फेकायच्या ड्रेससाठी एवढा खटाटोप, याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं.

लान्झाटेक फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात आली. पुढच्या दोन वर्षांत तिचा शेअर गडगडला आणि २०२५ मध्ये धंदा चालू ठेवता येईल का याबद्दलची शंका कंपनीला स्वतःच्या कागदपत्रांत नोंदवावी लागली. तंत्र चालतं हे सिद्ध झालंय; ते तेलाच्या भावाशी टक्कर देऊन चालतं हे व्हायचं बाकी आहे. भारताने ऑगस्ट २०२४ मध्ये बायोई-३ नावाचं धोरण मंजूर केलं, त्यात कार्बन पकडून जिवाणूंकरवी वापरण्याचा उल्लेख आहे. धोरणाने संशोधनाला पैसा मिळेल, भावातली दरी मात्र कार्बनवर कर किंवा जैवइंधनाची सक्ती आल्याशिवाय बुजणार नाही असं माझं मत.

त्यातच पोलादाचा धंदा बदलू लागलाय. स्वीडनमध्ये लूलेओला कोकऐवजी हायड्रोजन वापरून खनिजातला ऑक्सिजन काढण्याचा प्रायोगिक प्रकल्प २०२० पासून चालू आहे. तिथे धुराड्यातून मुख्यतः पाण्याची वाफ निघते. असं पोलाद सगळीकडे झालं तर वातावरणाचं भलं होईल आणि कार्बन मोनॉक्साइडवर जगणाऱ्या जिवाणूंचं ताट रिकामं होईल. झोतभट्टी मात्र एकदा बांधली की दशकानुदशकं चालते आणि भारतात अजून नव्या बांधल्या जातायत, त्यामुळे पुढची तीसेक वर्षं आपल्याकडे तरी चिंता नाही. त्यानंतर काय, याचं एक उत्तर जपानमध्ये शोधतायत. सेकिसुई केमिकल ही कंपनी लान्झाटेकच्याच जिवाणूंना शहरी कचऱ्याचा वायू देते. कचरा कमी हवेत तापवला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. प्लॅस्टिक, कागद, चिंध्या सगळं एकत्र चालतं.

आपल्या शहरांतल्या कचऱ्यात मात्र निम्मं वजन भाजीची देठं, शिळं अन्न आणि सालींचं असतं. पाणीच इतकं की तो तापवायला घेतला तर मिळणारी बरीचशी ऊर्जा ते पाणी आटवण्यातच जाईल. तो मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंना देणंच शहाणपणाचं. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता असलेला प्रकल्प चालतो, त्यातून दिवसाला १७ टनांच्या आसपास बायो-सीएनजी निघू शकतो आणि तो शहरातल्या बसगाड्यांत जातो. तिथल्या डायजेस्टरमध्ये पुण्या-मुंबईच्या डायजेस्टरपेक्षा हुशार जिवाणू आहेत असं काही नाही. तिथे घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा होऊन येतो. आपल्याकडच्या अनेक छोट्या बायोगॅस प्रकल्पांत त्याबरोबर दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या आणि फटाक्यांची पाकिटं येतात, पंप अडकतो, आणि पुढचा आठवडाभर जिवाणूंना काहीच मिळत नाही.